गंजिफा शैलीत ग्राहकाचे फर्निचर रंगवताना

सावंतवाडीच्या राजवाड्यात तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, तयार करण्याची लोपत चाललेली कला पुन्हा उभी केली. त्या गोल पत्त्यांवरचे दशावतार आणि त्यांच्या कडेच्या वेलपत्त्या आज चौरंग, पाट, खुर्च्या आणि कपाटांवरही दिसतात. अशा कामाची मागणी करणारा ग्राहक बहुधा मोबाइलमधले एक छायाचित्र दाखवून ‘अगदी असेच हवे’ असे म्हणतो. त्या वेळी रंगांची चर्चा सुरू करण्याआधी वस्तू कुठे ठेवली जाणार, तिच्यावर पाणी, तेल, हळद-कुंकू किंवा गरम चहाचे कप येणार का आणि लाकडावर आधी कोणता लेप आहे, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यांवरच ठरतात.

आकृती निवडताना वस्तूच्या वापराचा मान ठेवावा लागतो. ज्या पाटावर माणसे बसणार किंवा ज्या स्टुलाला पाय लागणार त्यावर देवतेची प्रतिमा काढू नये. ग्राहकाने आग्रह केला तरी घरातले एखादे वडीलधारे माणूस नंतर हरकत घेते आणि काम परत येते. दशावतारी गंजिफेच्या 120 पत्त्यांत प्रत्येक अवताराचे बारा पत्ते असतात, त्यांपैकी दहांवर त्या अवताराची खूण ओळीने मांडलेली असते. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचा परशू अशा खुणांची पुनरावृत्ती पाटाच्या किंवा टेबलाच्या कडेला अतिशय शोभते. प्रत्यक्ष अवतार कपाटाच्या दारावर किंवा खुर्चीच्या पाठीवर घ्यावेत. ठरलेला आराखडा कागदावर रंगवून त्यावर ग्राहकाची सही घेणे थोडे रुक्ष वाटते, पण ते टाळू नये.

खरी मेहनत लाकडाच्या तयारीत आहे. जुन्या वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस काही क्षण दाबून धरावा. लेप चिकट झाला तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश आहे, आणि तो तसाच टणक राहिला तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांसारखा कडक कृत्रिम लेप असण्याची शक्यता अधिक आहे. जुना ऑइलपेंट असेल तर अधिक सावध राहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारे नियम भारतात 2016 साली झाले आणि नोव्हेंबर 2017पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. वॉटरपेपर ओला करून, बारीक धूळ अडवणारा मास्क लावून आणि मुलांना दूर ठेवून घासावा, आणि निघालेला गाळ नीट गोळा करावा. उघड्या लाकडावर 120 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून 180 आणि 220पर्यंत रेषांच्या दिशेनेच घासावे, भेगा आणि खिळ्यांची भोके लांबीने (पुटीने) भरावीत. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून घासल्यानंतर थिनरच्या फडक्याने पुसून ते पूर्ण सुकू द्यावे. त्यावर मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात दिल्यास लाकडातला तपकिरी डाग फिकट रंगातून वर येत नाही.

चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे पारंपरिक अस्तर पत्त्यांसाठी उत्तम आहे, परंतु कोकणातल्या दमट हवेत रोज पुसल्या जाणाऱ्या टेबलावर मी ते सुचवणार नाही. तेथे लाकडासाठीच्या प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर 320 क्रमांकाच्या पेपरने हलके घासावे. त्याच लाकडाच्या फळीच्या तुकड्यावर अस्तर, रंग आणि वरचा लेप असा संपूर्ण नमुना करून तो ग्राहकाला दाखवावा. वरचा लेप बसल्यावर रंग गडद दिसतो, आणि तेलयुक्त व्हार्निश कालांतराने पिवळे पडून निळ्याला हिरवट छटा देते, हे बोलण्यापेक्षा नमुन्यावर चटकन कळते.

आकृती उतरवण्यासाठी खाका वापरावा. ट्रेसिंग पेपरवरील रेषांना टाचणीने जवळजवळ छिद्रे पाडावीत आणि गेरूची पुरचुंडी त्यांवर हलकेच आपटावी; कोळशाची पूड फिकट रंगात मिसळून तो मळवते. गंजिफा शैलीत आधी पार्श्वभूमीचा सपाट रंग, मग आकृत्यांचे सपाट भराव, त्यानंतर दागिने व वस्त्रांवरील नक्षी आणि सर्वांत शेवटी बाह्यरेषा हा क्रम पाळावा. अॅक्रिलिक रंग दोन पातळ थरांत दिला की ब्रशच्या खुणा राहत नाहीत. रेषेसाठी लांब केसांचा बारीक ब्रश घ्यावा, रंग सांडण्याइतका नव्हे पण सहज वाहण्याइतका पातळ करावा, आणि रेष बोटांनी न ओढता करंगळी टेकवून मनगटाने ओढावी. डोळे मात्र हात स्थिर असताना, एकाच बैठकीत सर्व आकृत्यांचे काढावेत, नाहीतर प्रत्येक अवताराची मुद्रा वेगळी होते.

रंग पूर्ण सुकल्यावर पाण्यावर आधारित पीयूचे तीन पातळ हात पुरेसे होतात. तीव्र थिनरचा लेप ब्रशने दिल्यास खालचा अॅक्रिलिक उचलला जातो. तोच हवा असेल तर आधी फवाऱ्याने अगदी पातळ थर द्यावेत. पावसाळ्यात असा लेप दमटपणाने पांढुरका पडतो, म्हणून जून ते सप्टेंबरच्या मागण्यांना जास्त मुदत मागावी. लेप हाताला काही तासांत सुकलेला वाटला तरी तो पूर्ण कडक व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि त्याआधी बबल रॅप गुंडाळल्यास त्याचे गोल ठसे उमटतात. मऊ सुती कापड घालून वरून पुठ्ठा बांधावा.

दर चौरस फुटावर सांगू नये, कारण मोकळी पार्श्वभूमी आणि दाट नक्षी यांच्या वेळात मोठा फरक असतो. नमुन्याला लागलेल्या वेळावरून हिशेब करावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि वाहतूक कोणाकडे हे लिहून ठेवावे. वस्तू सोपवताना ओलसर कापडाने पुसणे, स्पिरिट किंवा सॅनिटायझर न लावणे आणि गरम भांड्याखाली चटई ठेवणे एवढ्या सूचना कागदावर द्याव्यात, आणि मिसळलेल्या प्रत्येक रंगाची छोटी बाटली प्रमाणासह नाव लिहून स्वतःकडे ठेवावी, म्हणजे पुढे कोपरा घासला गेला तर तेवढाच भाग जुळत्या रंगाने दुरुस्त करता येतो.