रात्रभर जागून पाठांतर? या चुका टाळा

बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री दोन वाजता इतिहासाचा तोच धडा चौथ्यांदा वाचणाऱ्या मुलाला एकच भीती असते: आता झोपलो तर सगळं विसरेन. ही भीती पार उलटी आहे. 1924 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून घेतल्या. पाठ करून झोपल्यावर त्यांना जास्त आठवलं, तेवढाच वेळ जागे राहिल्यावर कमी.

नवं शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या भरवशावर असतं. गाढ झोपेत मेंदू त्याची उजळणी करतो आणि ते हळूहळू बाहेरच्या थरात पक्कं होतं. 1994 मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांमध्ये हे टिपलं. जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र चेतल्या. जागरण केलं की ही उजळणी हुकते, आणि पेपरात डोकं जड राहतं ते वेगळंच.

आपल्याकडे पहाटे चारला उठून अभ्यास करण्याचं फार कौतुक. रात्री आठच्या आत झोपणाऱ्याला ते कदाचित जमेल. पण बाराला पाठ टेकायची आणि चारला गजर लावायचा, हा सरळ तोटा आहे. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते. चारच्या गजराने नेमकी तीच कापली जाते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते, मोठ्यांना किमान 7. पालकांनो, परीक्षेच्या महिन्यात मुलाला हलवून उठवू नका, कृपा करून.

रात्री आठची कॉफीही नडते. साधारण पाच तासांनी त्यातलं निम्मं कॅफिन शरीरात शिल्लक असतं, म्हणजे एक वाजताही. कानात इयरफोन घालून धडे ऐकत झोपण्याचा उद्योग तर सोडाच. झोपेत नवा धडा डोक्यात शिरत नाही, उलट झोप मोडते.

झोप पुरेशी होऊनही सकाळी पाटी कोरी? मग बहुतेक वेळा गडबड आदल्या संध्याकाळची असते. नुसतं वाचत गेलं की ओळी ओळखीच्या होतात, आणि ओळखीचं म्हणजे पाठ असं वाटू लागतं. जे नीट शिरलंच नाही, ते झोप कुठून पक्कं करणार? झोपण्याआधी पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि 1857 च्या उठावाची कारणं न बघता लिहून काढा. अडलं तिथेच उघडून बघा. सकाळी पुस्तकाला हात लावण्याआधी तीच कारणं पुन्हा आठवून पाहा.

दुपारी पेंग आली तर वीसेक मिनिटं आडवं व्हायला हरकत नाही. दोन तास ताणून दिली की उठल्यावर सुस्ती येते, आणि रात्री झोप लवकर लागत नाही.

भरपूर झोपूनही दिवसा डुलक्या येतात, विसरायला होतं आणि घरचे म्हणतात की जोरात घोरता, मध्येच श्वास अडकतो, तर वेळापत्रकाशी झटापट करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास अडण्याच्या आजारावर उपचार आहेत.