बायबलमधली दोन वचने एकमेकांना भिडली, तर काय करावे?

नीतिसूत्रे २६:४ (म्हणजे त्या पुस्तकाचा अध्याय २६, वचन ४) म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखे उत्तर देऊ नको. पुढचीच ओळ, २६:५, म्हणते, दे. संकलकाला हे दिसले नसेल असे होणार नाही; त्याने दोन्ही मुद्दाम शेजारी बसवली आहेत. ‘शुभस्य शीघ्रम्’ आणि ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ आपणही एकाच घरात वापरतोच. तेव्हा आधी ठरवा, समोर म्हण आहे, हकिगत आहे, आकडा आहे की युक्तिवाद. इथे घाई झाली की पुढे सगळेच फसते.

मग वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा आणि दोन्ही वचने समोरासमोर उतरवा. सुटे वचन नको, मागच्या-पुढच्या आठ-दहा ओळींसह. जे शब्द खरोखर जुळत नाहीत तेवढेच अधोरेखित करा. नव्या करारातल्या दोन पत्रांतली वचने, रोम ३:२८ आणि याकोब २:२४, अशी लिहून पाहा. पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या (मोशेच्या नियमांच्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नाही. गंमत अशी की दोघेही उत्पत्ती १५:६ मधल्या अब्राहामाचाच दाखला देतात. पण पौलापुढे सुंतेचा आणि नियमशास्त्राचा वाद आहे. याकोब ज्या विश्वासाबद्दल बोलतो तो भुतांपाशीही आहे (२:१९). शब्द एकच, माप वेगळे.

तिसरे काम भाषांतरे ताडून पाहण्याचे. बायबल सोसायटीची प्रत बहुतेक ख्रिस्ती घरांत असतेच. तिच्याजोडीला पंडिता रमाबाईंचे भाषांतर घ्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले हे काम पुणे जिल्ह्यातल्याच केडगावचे. प्रेषितांची कृत्ये ९:७ मध्ये शौलाच्या (म्हणजे पुढच्या पौलाच्या) सोबत्यांनी त्याच्याशी बोलणारी वाणी ऐकली. २२:९ मध्ये ऐकली नाही. दोन्हीकडे ग्रीक क्रियापद एकच आहे, आणि त्यात ‘समजणे’ हाही अर्थ बसतो. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणताना आपण त्याला बहिरे म्हणत नसतो, तसेच. म्हणून काही भाषांतरे दुसऱ्या ठिकाणी ‘समजली नाही’ असे लिहितात. मात्र दोन्हीकडे नामाची विभक्ती वेगळी, म्हणून अर्थ वेगळा, हा व्याकरणाचा मुद्दा फार ताणू नका. त्याच पुस्तकात तो सगळीकडे टिकत नाही.

आकड्यांची गोष्ट वेगळी. यहोयाखीन गादीवर बसला तेव्हा २ राजे २४:८ प्रमाणे १८ वर्षांचा, तर २ इतिहास ३६:९ च्या प्रचलित हिब्रू पाठात ८ वर्षांचा. हिब्रूत अठरा म्हणजे ‘आठ’ आणि ‘दहा’ असे दोन शब्द. नक्कल करताना एक सुटणे सहज शक्य आहे. शिवाय २ राजे २४:१५ मध्ये त्याच्या बायकांना कैद करून नेल्याचे आहे, म्हणजे आठ जमत नाही. अशा जागी तळटीप आधी वाचा. काही भाषांतरे दुसऱ्या ठिकाणीही थेट १८ छापतात.

दाविदाच्या खरेदीत मात्र सावध राहा. २ शमुवेल २४:२४ मध्ये खळे आणि बैल ५० शेकेल (जुने वजन) रुप्याला. १ इतिहास २१:२५ मध्ये ‘ती जागा’ ६०० शेकेल सोन्याला. एकीकडे नुसते खळे, दुसरीकडे भोवतालची सगळी जमीन, असे उत्तर नेहमी दिले जाते. सातबारा पाहिलेल्याला ते पटकन पटते. शक्य आहे, पण मजकूर तसे कुठेच सांगत नाही. म्हणून वहीत ‘शक्यता’ लिहा, ‘उत्तर’ नको.

सर्वांत जास्त चूक होते ती सांधेजोडीत, म्हणजे दोन हकिगती जोडून एक करण्यात. मत्तय २७:५ मध्ये येशूला पैशांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा गळफास घेतो. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये तो पालथा पडतो आणि त्याचे पोट फुटते. दोर तुटला आणि तो पडला, असे म्हणून लोक मोकळे होतात. पण त्या पैशांचे शेत कोणी घेतले? मत्तयात याजकांनी, कृत्यांत यहूदाने स्वतः. दोराची कथा या प्रश्नाला हातही लावत नाही. याजकांनी पैसे त्याचे वापरले म्हणून शेत त्याच्या नावे सांगितले, असेही म्हणतात. तेही ‘शक्यता’ याच खाली जाईल.

वहीच्या शेवटी अशा न सुटलेल्या जोड्यांसाठी चार पाने कोरी ठेवा. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी कोणाला विचारायला जाल, तेव्हा तीच पाने पुढे करा.