भार मेगाबिटांत मोजू नका

इंदूरमधल्या माझ्या पहिल्या नोकरीत, राजवाड्याजवळच्या एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे बसवलेला आमचा राउटर रोज रात्री नऊच्या सुमारास गोठत असे. लिंकचा दिवा लागलेला असे, मात्र एकही पॅकेट (माहितीचा तुकडा) बाहेर पडत नसे, आणि कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ट्रान्समिट क्यू (पॅकेट पाठवण्याची रांग) टाइम आउट झाल्याची वॉचडॉगची, म्हणजे त्या रांगेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेची, ओळ उमटे. ही ओळ म्हणजे निदान नव्हे. थांबवलेली रांग ठरलेल्या वेळेत, बहुधा ५ सेकंदांत, पुन्हा सुरू झाली नाही, एवढेच ती सांगते.

माझी खरी फसगत चाचणीत झाली. दोन दिवस मी मोठमोठ्या फाइली पाठवत राहिलो, लाइन पूर्ण भरलेली दिसे, आणि राउटरचे नेटवर्क कार्ड काही केल्या अडकत नसे. १ गिगाबिटच्या लाइनवर पूर्ण आकाराची पॅकेट सेकंदाला सुमारे ८१ हजार जातात, तर ६४ बाइटच्या फ्रेम (लाइनवरची सर्वांत लहान पॅकेट) जास्तीत जास्त सुमारे १४.८८ लाख, म्हणजे लाइन तेवढीच भरलेली असली, तरी ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डोक्यावरचा बोजा अठरापट होऊ शकतो. शिवाय टीसीपी, म्हणजे फाइली ज्या नियमांनी जातात तो प्रोटोकॉल, पाठवणाऱ्या यंत्रावर स्वतःच हात आखडता घेतो, त्यामुळे कार्डाची रिंग (पाठवायच्या पॅकेटांच्या नोंदींची गोलाकार यादी) क्वचितच भरते. दुसऱ्यांची पॅकेट पुढे ढकलणाऱ्या राउटरला ही सवलत नसते. २५६ डिस्क्रिप्टरची (नोंदींची) रिंग त्या कमाल वेगाने १७२ मायक्रोसेकंदांत भरते. कर्नलमधले पॅकेटजेन, म्हणजे लहान पॅकेटांचा मारा करणारे चाचणीचे साधन, लावल्यावर बिघाड चाळीस मिनिटांत हाती लागला.

दोष कार्डाच्या निर्मात्याने दिलेल्या ड्रायव्हरमध्ये होता. रिंग भरली की तो रांग थांबवी; पण नेमक्या त्याआधीच्या क्षणी इंटरप्टच्या बाजूने (पॅकेट गेल्याचा कार्डाचा इशारा हाताळणाऱ्या कोडने) शेवटची जागा मोकळी करून झालेली असेल, तर रांग पुन्हा सुरू करायला कोणी उरतच नसे. रांग थांबवल्यावर मेमरी बॅरियर (मेमरीतली आधीची आणि नंतरची कामे क्रमानेच व्हावीत अशी सूचना) घालून मोकळी जागा पुन्हा एकदा तपासावी लागते, आणि तेवढेच त्यात राहून गेले होते.

आमच्या वरिष्ठांनी ड्रायव्हर काढून पुन्हा चढवणारी एक स्क्रिप्ट दिली होती. माणूस प्रेमळ होता, पण असे शॉर्टकट मला आजही खटकतात, कारण ड्रायव्हर काढला की त्याचे काउंटर शून्यावर येतात आणि पुरावाच पुसला जातो. आधी 'एथटूल' (कार्डाचे आकडे दाखवणारी आज्ञा) चे आकडे आणि लॉग उतरवून ठेवा, मग हवे ते करा. हे सगळे पहिल्या महिन्यात उमगले नाही म्हणून खचू नका. मला बॅरियर म्हणजे काय ते समजायलाच तीन आठवडे लागले होते.

दुरुस्तीनंतर रांग किती वेळा थांबली आणि किती वेळा सुरू झाली, हे मोजणारे दोन काउंटर मी ड्रायव्हरमध्ये घातले आणि पॅकेटजेन रात्रभर चालू ठेवले. सकाळी ते बंद करून पाहिले, तेव्हा दोन्ही आकडे तंतोतंत जुळत होते.