टीबी आणि व्हिटॅमिन डी : या चुका टाळा

टीबीचं निदान झालं की कुणी ना कुणी सांगतंच, ‘व्हिटॅमिन डी सुरू करा, प्रतिकारशक्ती वाढेल.’ सल्ला अगदीच हवेतला नाही. जंतू फुप्फुसात शिरले की मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्यांना गिळतात. याच पेशी व्हिटॅमिन डीला सक्रिय रूप देतात आणि त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन हे जंतूंना मारणारं प्रथिन तयार होतं. ही साखळी २००६ साली उलगडली. चुका होतात त्या यापुढे.

पहिली चूक म्हणजे गोळीला उपचार समजणं. पेशीत जे घडतं ते माणसात तितक्याच जोरात घडेल, असं नसतं. मंगोलियात आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर चाचणी झाली. निम्म्या मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट व्हिटॅमिन डी दिलं. बहुतेकांत सुरुवातीला कमतरता होती, ती भरून निघाली. टीबीचा संसर्ग मात्र कमी झाला नाही. हे निष्कर्ष २०२० साली आले. नील्स फिन्सन यांच्या १९०३ च्या नोबेलचा दाखलाही सर्रास दिला जातो, पण त्यांनी त्वचेच्या टीबीवर थेट प्रकाशझोत टाकला होता. तो दाखला गोळीसाठी वापरणं म्हणजे ओढूनताणून आणलेला संबंध.

साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं आणि नेमक्या त्याच वेळी रिफाम्पिसिनच्या, म्हणजे टीबीवरच्या मुख्य औषधाच्या, गोळ्या मागे पडतात, ‘ताकदीच्या’ तेवढ्या चालू राहतात. औषधांना न जुमानणारा टीबी अशाच अर्धवट उपचारांतून उभा राहू शकतो.

दुसरी चूक जास्त धोक्याची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. एरवी सक्रिय व्हिटॅमिन डी किती बनवायचं यावर मूत्रपिंडाचा लगाम असतो. टीबीच्या गाठींमधल्या मॅक्रोफेज पेशी हा लगाम मानत नाहीत. त्यात वरून मोठा डोस पडला तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं : मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, सुस्ती. रुग्णाला मळमळू लागलं की घरचे टीबीच्या गोळ्यांना दोष देतात आणि त्याच बंद करतात! त्या गोळ्यांनी यकृताला त्रास होऊन मळमळ होऊ शकते, हे खरंच. म्हणून लगेच डॉक्टरांना गाठा, व्हिटॅमिन डी कोणतं आणि किती चालू आहे ते सांगा आणि यकृताच्या तपासणीबरोबर कॅल्शियमही तपासायचं का, हे विचारा.

डोसाचा घोळ बहुधा साधाच असतो. आठवड्याची गोळी रोज घेतली जाते, किंवा मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी आणि वेगळं व्हिटॅमिन डी यांची बेरीज कुणी करतच नाही. लेबलवर मायक्रोग्रॅम असतील तर ४० ने गुणा, युनिट मिळतील. प्रौढांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज ४,००० युनिटांच्या वर जाऊ नये.

रिपोर्ट वाचतानाही गफलत होते. शरीरातला साठा कळतो तो ‘२५-हायड्रॉक्सी’ या तपासणीत. एका रिपोर्टमध्ये २० आणि दुसऱ्यात ५० दिसलं म्हणून हरखू नका; पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरमध्ये आणि दुसरा नॅनोमोल प्रति लीटरमध्ये असेल, तर पातळी एकच आहे. शिवाय पातळी कमी आहे म्हणूनच टीबी झाला, असंही ठरत नाही. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, जेवण तुटतं आणि रिफाम्पिसिनमुळेही व्हिटॅमिन डी लवकर खर्च होतं. कमतरता निघाली तर हाडांसाठी ती भरून काढावीच, पण डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसानेच.

बंद काचेआडच्या उन्हात बसणं वायाच जातं. व्हिटॅमिन डी बनवणारे अतिनील किरण काच अडवते.

राहिली घरातली माणसं. खबरदारी म्हणून सगळ्यांना व्हिटॅमिन डी देऊन निर्धास्त होऊ नका. त्यांचीही टीबीची तपासणी करून घ्या. आजार नाही असं ठरलं, तर प्रतिबंधक औषधं कुणाला द्यायची ते डॉक्टर सांगतील. लहान मुलांना आणि एचआयव्ही असलेल्यांना आधी न्या.