मे महिन्यात बाबांना दिवाडीवर सायकलने न्यायचं असेल तर

सुट्टीत घाटावरून आई-बाबा गोव्यात आले की दोन दिवसांत देवळं, बीच सगळं उरकतं आणि मग बाबा विचारतात, इथे खेडं कुठे आहे रे? त्यांना मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर न्या, तेही सायकलने. फक्त निघायची नाही, परत यायची वेळ आधी ठरवा. नऊच्या आत परतीच्या फेरीबोटीत बसायचं म्हणजे बसायचं. मे मध्ये सहाला उजाडतं, तेव्हा पहिल्या उजेडात जुने गोवेच्या धक्क्यावर पोचा. व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलं की समोरच धक्का.

सायकल भाड्याने घेताना मधला दांडा खाली असलेली घ्या, ज्यावर पाय उंच टाकावा लागत नाही. बाबा म्हणतील ही लेडीज सायकल आहे, म्हणू दे, साठीनंतर गुडघ्याला आणि कंबरेला तीच बरी. सीट जरा खालीच ठेवा, म्हणजे थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात, वेग थोडा कमी होतो पण पडायची भीती जाते. गिअरची थिअरी सांगत बसू नका, हलका गिअर लावून द्या आणि सांगा की याला हात लावायचा नाही. ब्रेक मात्र दाबून दाखवा, जुन्या ॲटलसवर शिकलेला माणूस पुढचा ब्रेक करकचून दाबतो.

फेरीतून उतरलं की दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेतं आणि मधून सरळ रस्ता, एकदम सपाट, पण सावली जवळजवळ नाहीच. सकाळी इथे बगळे बघत रमतगमत जाता येतं, तोच रस्ता दहा वाजता जीव काढतो. वाटेत मानस दिसली तर थांबून दाखवा, भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधाला बसवलेलं दार, शेतकरी माणूस असेल तर अर्धा तास तिथेच जातो, तेवढा वेळ धरूनच चला. टेकडीवरच्या पियेदादच्या चर्चचा चढ सरळ सायकलवरून उतरून ढकलत चढा.

आता खरी अडचण. मूळ सप्तकोटेश्वर (शंकराचं देवस्थान) दिवाडीवरच होता, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. हे सांगितलंत की बाबा म्हणणार चल आत्ताच जाऊ, पलीकडे फेरी आहे ना? नाही म्हणा, संध्याकाळी गाडीने न्या.

पाणी त्यांनी मागायची वाट बघू नका, दर पंधरा मिनिटांनी स्वतः थांबून स्वतः प्या, ते आपोआप पितात. एका बाटलीत कोकमाचं आगळ, मीठ, साखर घालून ठेवा (डायबेटिस असेल तर साखर नको). बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. बोलता बोलता ते गप्प झाले, वाक्य तोडून श्वास घ्यायला लागले की सावलीत बसा, चक्कर किंवा मळमळ असेल तर सायकली तिथेच ठेवून रिक्षा किंवा गाडी बघा, 'मी बरा आहे' वर जाऊ नका.

परत आल्यावर पातळ भाजी-पाव. उर्राक (काजूची हलकी दारू) घरी गेल्यावर, जेवताना, उन्हातून आल्या आल्या नको. आणि दुसऱ्या दिवशी काही प्लॅन ठेवू नका, बूड दुखणार आहे.