नादारीचा अर्ज करताना या चुका टाळा

क्रेडिट कार्डांचे नऊ लाख थकलेला माणूस समोर बसतो, मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे करतो आणि म्हणतो, "वकीलसाहेब, ते फ्रेश स्टार्टवालं करून टाकू." फ्रेश स्टार्ट म्हणजे छोटी कर्जं माफ करून नव्याने सुरुवात करू देणं; 2016 च्या दिवाळखोरी संहितेत ही सोय लिहिलेली आहे खरी. वर्षाचं उत्पन्न 60,000 पर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, कर्ज 35,000 पर्यंत आणि स्वतःचं घर नसावं, अशा तिच्या अटी. नऊ लाखवाला त्यात तसाही बसत नाही. पण ते सोडाच, हा भाग अजून लागूच झालेला नाही. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

संहितेतलं व्यक्तींचं प्रकरण 1 डिसेंबर 2019 पासून लागू झालं ते फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरतं. भावाच्या प्रायव्हेट लिमिटेडसाठी किंवा एलएलपीसाठी (मर्यादित दायित्वाची नोंदणीकृत भागीदारी) हमीदार म्हणून सही केली असेल, तर प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जातं. इथे फसायला होतं ते नावामुळे. दुकानावर 'अमुक अँड कंपनी' अशी पाटी असली तरी साधी भागीदारी पेढी म्हणजे कंपनी नव्हे. पाटी विसरा, हमीपत्र काढा आणि कर्जदाराच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा.

बाकी सगळ्यांना नादारीचे, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं न्यायालयाकडून जाहीर करून घेण्याचे, जुनेच कायदे. मुंबईकरांना 1909 चा, म्हणून उच्च न्यायालय. मुंबईबाहेर 1920 चा, म्हणून जिल्हा न्यायालय. राहणं आणि धंदा दोन्ही मुलुंडला असेल तर पहिला, चेकनाक्यापलीकडे ठाण्यात असेल तर दुसरा. आधार कार्डावरच्या गावच्या पत्त्यावरून न्यायालय ठरवू नका. प्रत्यक्ष कुठे राहता, धंदा कुठे करता, ते बघतात.

1920 च्या कायद्यात कर्जाची अट आहे किमान 500 रुपयांची! त्यामुळे लोकांना वाटतं, आपण पात्रच. पण कर्ज फेडण्याची ऐपत नाही, हेही प्रथमदर्शनी दाखवावं लागतं. नावावर प्लॉट आहे आणि तो विकून देणी भागतात, अशा माणसाचा अर्ज टिकणं कठीण.

मग तो प्लॉट बायकोच्या नावावर करायची युक्ती कुणीतरी सुचवतोच. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत केलेलं असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. बँकेला ताटकळत ठेवून मेहुण्याचे हातउसने आधी फेडले, तर अर्जाआधीच्या तीन महिन्यांतला तो व्यवहारही रद्द होऊ शकतो. मेहुण्याला हे आधीच सांगून ठेवा.

आणि गृहकर्ज. नादारी जाहीर झाली तरी तारण ठेवलेल्या घरावरचा बँकेचा हक्क जात नाही, जप्तीची नोटीस येऊ शकते. म्हणून भेटायला येताना देण्यांच्या दोन याद्या करून आणा, तारण असलेली वेगळी आणि नसलेली वेगळी. दुसऱ्या यादीत मित्राकडून घेतलेले वीस हजारही लिहा.