दुबुआंच्या शोधाला निघण्याआधी

सासूबाईंचं माहेरचं आडनाव दुबुआ. घर नेदरलँड्समधलं, नाव फ्रेंच, आणि आजीकडून नातीकडे आलेलं एकच वाक्य: 'आपण धर्मापायी फ्रान्स सोडून आलो.' येत्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या लायडनपासून फ्रान्समधल्या लीलपर्यंत हा माग काढायचा आहे. ज्यांच्या सासरी असं सीमा ओलांडून आलेलं आडनाव असेल, त्यांना उपयोगी पडेल म्हणून आमची तयारी लिहून ठेवते.

सुरुवात घरातूनच करा. नेदरलँड्समध्ये जन्माची नोंद १०० वर्षं, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षं खुली होत नाही. म्हणजे गेल्या शतकातला बराचसा भाग दप्तरात नाही, म्हाताऱ्या माणसांकडेच मिळणार. त्यांच्याजवळ बसा, लग्नाच्या वेळी मिळणारी 'त्राउबूक्ये' ही छोटी पुस्तिका मागून घ्या (तीत मुलांचीही नोंद असते), आणि फोटोंच्या मागे काय लिहिलंय ते वाचा. थडगी लवकर बघून घ्या, कारण इथे कबरीची मुदत संपली आणि कुणी ती वाढवली नाही, तर जागा मोकळी करतात.

मग आडनावाच्या स्पेलिंगांची यादी करा. दुबुआ म्हणजे रानाजवळचा, आपल्या 'रानडे'सारखंच म्हणा ना. रानाच्या कडेला राहणारा कुणीही दुबुआ झाला, त्यामुळे दोन दुबुआ एकाच कुळातले असतीलच असं नाही. लिहिणाऱ्यानं कानावर पडलं तसं लिहिलं: एक शब्द, दोन शब्द, शेवटी वेगळं अक्षर. काही घराण्यांनी तर नावाचा अर्थच उचलला आणि ती डचमध्ये 'फान देन बॉस' झाली. म्हणून आडनावाच्या मागे धावू नका. आपल्यापासून एकेक पिढी मागे जा आणि प्रत्येक पायरीला एक कागद हवा असा हट्ट धरा. आडनावावरून कुलचिन्ह विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. चिन्ह एखाद्या घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं.

एक गोष्ट मला फार दिलासा देऊन गेली. डच आणि फ्रेंच सरकारी नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावानं असते. इंग्लंडात माग निघाला की मात्र लेकी हरवतात, तिथे लग्नाची नोंद आधी शोधा.

आता खरा खजिना. १८११ साली, नेपोलियनच्या अमलात, नेदरलँड्सच्या बहुतेक भागांत नागरी नोंदणी सुरू झाली. तेव्हापासून लग्न करायचं तर वधूवरांना जन्माचे दाखले द्यावे लागत, आईवडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचे, कधी आजीआजोबांच्या मृत्यूचेही. हे सगळे कागद लग्नाच्या नोंदीला जोडून ठेवलेले असतात. एका लग्नातून तीन पिढ्या हाती येतात! 'वी वास वी' आणि 'ओपन आर्ख' या संकेतस्थळांवरून सुरुवात करा, पण सूचीवर थांबू नका, मूळ पानाचं चित्र उघडून वाचा.

१८११ च्या मागे चर्चच्या वह्या. फ्रेंच बोलणाऱ्या प्रोटेस्टंटांची चर्चं म्हणजे वालोन चर्चं, आणि त्यांच्या नोंदींची मोठी कार्ड-सूची लायडनच्या वालोन ग्रंथालयानं तयार केलेली आहे. बाप्तिस्मा आणि लग्न तर पाहाच, पण विशेष करून 'अतेस्तासी' शोधा. गाव बदलणारा सभासद जुन्या चर्चकडून चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणायचा. त्यावरून तो कुठून आला ते कळतं. सीमा ओलांडायला याहून चांगला पूल नाही. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या फ्रेंच चर्चचीही अशी पत्रं छापलेली आहेत.

इथेच घरातलं ते वाक्य तपासायचं आहे. प्रोटेस्टंटांना मोकळीक देणारा नांतचा फर्मान चौदाव्या लुईनं १६८५ मध्ये रद्द केला आणि ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, पळाले, हे खरं. पण त्याच्या शंभर वर्षं आधीही लील, तुर्ने (हे आज बेल्जियममध्ये) भागातून माणसं लायडनला आली होती, आणि लील १६६७ पर्यंत स्पेनच्या राजाकडे होतं. पूर्वज त्या लाटेतले असतील, तर त्यांनी फ्रान्स सोडलाच नव्हता. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या.

फ्रान्समध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेखागारानं वह्या ऑनलाइन ठेवल्या आहेत, त्या निघण्याआधीच पाहा. १६८५ ते १७८७ या काळात प्रोटेस्टंटांना कायदेशीर नोंदच नव्हती, म्हणून कॅथलिक वह्या आणि नोटरीकडचे लग्नाचे करार दोन्ही चाळा. तुर्नेचं अभिलेखागार मे १९४० च्या बॉम्बफेकीत जळालं; त्या गावचा माग लागला तर दुसऱ्या ठिकाणच्या प्रतींवरच भिस्त.

तारखांचं कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. फ्रेंच क्रांतीच्या पंचांगात 'ब्रुमेअर १८, वर्ष ८' म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. इंग्लंडात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून तिथल्या जुन्या फेब्रुवारीचं साल आपल्या हिशेबानं एक पुढचं.

तिकिटं सगळ्यात शेवटी. आधी वाचनकक्षाचे दिवस विचारा, हवे ते दस्त क्रमांकासह मागवून ठेवा, आणि कुठल्या पानावर काय सापडलं ते लगेच लिहा. सासूबाईंनी स्वतःसाठी भिंग घेतलंय.